पेढीचा दूरध्वनी आणि फायरवॉलची चौकी

ट्रंक कॉल लावून सुताचा वा साखरेचा भाव विचारण्यासाठी ताटकळत बसलेली पिढी अद्याप अनेक घरांत आहे. त्याच घरांतील पुढची पिढी आता पेढीचा दूरध्वनी इंटरनेटवरून चालविते. दुकान, गोदाम आणि घर एकाच क्रमांकाच्या एक्स्टेंशनवर येतात, खर्चही आटोपशीर राहतो. परंतु ही यंत्रणा बसविताना फायरवॉलचा प्रश्न बहुधा अखेरच्या अर्ध्या तासात, घाईघाईने निकालात काढला जातो. नुकसानीचे मूळ नेमके तेथे असते.

फायरवॉल म्हणजे पेढीचे अंतर्गत जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामधील चौकी. तिचा मूळ नियम साधा आहे. आतून कोणी बाहेर संपर्क साधला, तर त्याचे उत्तर आत येऊ द्यावे. न बोलावता कोणी आला, तर त्यास परत पाठवावे. ईमेल, बँकेचे संकेतस्थळ, जीएसटीचे विवरणपत्र ही सारी कामे या नियमात बसतात. दूरध्वनी मात्र स्वभावतःच न बोलावता येणारा पाहुणा आहे.

त्यातही इंटरनेटवरील संभाषणाचे दोन भाग असतात. कोण कोणास बोलावीत आहे, घंटा वाजली की नाही, हा निरोप ‘सिप’ या पद्धतीने बहुधा ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून जातो. प्रत्यक्ष आवाज मात्र निराळ्याच पोर्टवरून वाहतो. आवाज कोठे पाठवावा, हा पत्ता निरोपातच लिहिलेला असतो. पेढीतील यंत्र तेथे आपला अंतर्गत पत्ता लिहिते आणि त्या पत्त्याला बाहेरच्या जगात काही अर्थ नसतो. म्हणूनच घंटा वाजते, आपला आवाज पलीकडे पोहोचतो, पण पलीकडचा ऐकू येत नाही.

या तक्रारीवर घाईचा उपाय एकच असतो. तंत्रज्ञ दूरध्वनी यंत्रासाठी सगळे पोर्ट साऱ्या जगाला खुले करतो. आवाज येऊ लागतो, मालक संतुष्ट होतात, तंत्रज्ञ देयक घेऊन जातो. दरवाजा तसाच सताड उघडा राहतो.

इंटरनेटवर ५०६० हा पोर्ट कोठे उघडा आहे, हे अहोरात्र धुंडाळणारे संगणक आहेत. एक्स्टेंशन १०१ आणि त्याचा पासवर्डही १०१, असा प्रकार सापडला की चोर आपले यंत्र त्या एक्स्टेंशनच्या नावाने नोंदवितो. मग रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी परदेशांतील अशा महागड्या क्रमांकांवर कॉल सुरू होतात, ज्यांच्या उत्पन्नात त्याचाच वाटा असतो. यात पेढीतून काहीही नाहीसे होत नाही, म्हणून संशय येत नाही. महिनाअखेरीस येणारे देयक मात्र पेढीच्या नावाने असते आणि कॉल आपल्याच यंत्रातून गेलेले असल्याने वाद घालण्यास फारशी जागा उरत नाही.

योग्य मार्ग कठीण नाही. सेवा देणाऱ्या परवानाधारक कंपनीकडून तिच्या सर्व्हरचे पत्ते आणि आवाजासाठी लागणारे पोर्ट लेखी मागून घ्यावेत, आणि फायरवॉलमध्ये तेवढ्याच पत्त्यांना, तेवढ्याच पोर्टवर प्रवेश द्यावा. पुष्कळदा तर तेवढेही लागत नाही. पेढीचे यंत्र स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी आतून संपर्क साधते आणि थोड्या थोड्या वेळाने छोटा संदेश पाठवून तो मार्ग जागता ठेवते. येणारा कॉल त्याच मार्गाने आत येतो. व्हॉट्सअ‍ॅप वा झूमसाठी तर बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडावा लागत नाही. कोणी तसे सांगितले, तर कारण विचारावे.

एकतर्फी आवाजाचा आणखी एक कारणीभूत घटक राउटरमध्येच दडलेला असतो. ‘सिप एएलजी’ नावाची सोय निरोपातील पत्ता परस्पर दुरुस्त करू पाहते आणि अनेकदा तो बिघडविते. अशा वेळी पोर्ट उघडण्याआधी ती बंद करून पाहावी.

दुबईत किंवा पुण्यात बसलेल्या मुलाला पेढीचे एक्स्टेंशन हवे असेल, तर त्याच्यासाठी पोर्ट उघडू नये. व्हीपीएनद्वारे त्यास आधी जाळ्याच्या आत घ्यावे. यंत्राचे व्यवस्थापन-पान इंटरनेटवरून दिसता कामा नये. दूरध्वनी आणि हिशेबाचे संगणक यांची जाळी वेगळी ठेवावीत, म्हणजे एका यंत्राचा ताबा गेला तरी खतावणीपर्यंत हात पोहोचणार नाही. शिवाय साधा आवाज जाळ्यातून कूटबद्ध न होता जातो. मार्गात पकडल्यास तो पुन्हा ऐकता येतो. ज्या पेढीचे भाव आणि उधारी तोंडी ठरते, तिने कंपनीकडे टीएलएस आणि एसआरटीपी या सुरक्षित पद्धतींची मागणी करावी. ५०६० ऐवजी दुसरा पोर्ट घेण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने त्रास थोडा कमी होतो, सुरक्षितता मात्र त्या मानाने वाढत नाही.

परदेशी कॉलची गरज नसेल, तर ते कंपनीकडूनच बंद करून घ्यावेत. गरज असल्यास खर्चाची मर्यादा घालून घ्यावी. फायरवॉल फसली तरी ही मर्यादा टिकते. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या अशाच विचाराने.

फायरवॉलमधील प्रत्येक नियमाची नोंद वहीत असावी: कोणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेस. ‘तात्पुरता’ म्हणून केलेला नियम काढण्याची तारीखही तेथेच लिहावी. तंत्रज्ञ जाण्यापूर्वी त्यास पेढीबाहेरून, मोबाइलच्या इंटरनेटवरून, पेढीचे पोर्ट तपासून दाखविण्यास सांगावे. काय उघडे दिसते ते त्याच वहीत उतरवून घ्यावे आणि देयक त्यानंतर चुकते करावे.