टेन्शन आहे म्हणजे नेमकं काय होतंय?

नववीला मराठीचा निबंध दिला होता, 'माझे घर'. बावीस वह्या आल्या. त्यातल्या चौदा वह्यांत घरातलं कुणी ना कुणी टेन्शनमध्ये होतं. अब्बांना टेन्शन, अम्मीला टेन्शन, दादीला फुफूच्या लग्नाचं टेन्शन. लाल पेनानं त्या शब्दाभोवती गोल करायला बसले आणि थांबले. त्याऐवजी काय लिहून देणार? 'ताण'? ते तर त्याच शब्दाचं भाषांतर. दोरी दोन्ही बाजूंनी ओढली की तिच्यात ताण येतो, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'टेन्शन' लिहिलं आणि त्यावर काट मारली. म्हटलं, हा शब्द न वापरता सांगा, घरात काय होतं? आधी कुणीच बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, "अम्मी घासलेलंच भांडं पुन्हा घासत बसते." एक म्हणाला, "अब्बा रात्री तीनदा उठून दाराची कडी बघतात." मग घरच्या बोलीतले शब्द निघाले. जी घबराता, कुछ सुचताच नै. शेजारच्या मावशींकडून ऐकलेले मराठीही निघाले. जिवाची घालमेल, जीव टांगणीला, घशाखाली घास उतरत नाही. तास संपला तेव्हा फळ्यावर जागा उरली नव्हती. एका शब्दाखाली किती वेगवेगळी माणसं दडली होती!

मागच्या बाकावरचा एक मुलगा एवढंच म्हणाला, "अब्बांना ब्रेक मिळालाय."

कुपवाडच्या बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागेल. सिनेमावाल्यांच्या मुलाखतीत 'ब्रेक मिळाला' म्हणजे नशीब उघडलं. आमच्या एमआयडीसीत ब्रेक मिळाला म्हणजे कंत्राटी कामगार घरी बसला. वर्षात 240 दिवस भरले की कायद्यानं कामगाराला काही हक्क मिळतात. ते भरू नयेत म्हणून कुठं कुठं आधीच नाव कमी करतात, आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा घेतात. घेतलं तर. या सगळ्याला शब्द काय, तर ब्रेक. चहा पिऊन परत यायचं असल्यासारखा.

'स्ट्रगल'चंही तसंच. दहावी-बारावीच्या सत्काराला पाहुणे येतात आणि आपल्या स्ट्रगलची गोष्ट सांगतात. स्टेशनवर झोपलो, वडापाव खाऊन दिवस काढले. ऐकायला बरं वाटतं, टाळ्या मीही वाजवते. पण हा शब्द जिंकलेल्यालाच मिळतो. वीस वर्षं फाउंड्रीच्या धगीसमोर उभं राहून ज्याचं घर अजून पत्र्याचंच आहे, तो स्ट्रगल करतो असं कुणी म्हणत नाही. तो नुसता 'कामाला जातो'. उर्दूच्या तासाला मी 'जद्दोजहद' शिकवते. त्यातल्या 'जहद'चा अर्थ प्रयत्नांची शिकस्त. त्याच धातूचा एक शब्द टीव्हीवर रोज ओरडून वापरतात. मागे एका मुलानं विचारलं, "मॅडम, ये वोच है क्या?" मी हो म्हणाले, पण आवाज आपोआप खाली आला. वर्गाचं दार उघडं होतं. ते मला अजून सलतं.

आता कुणाला वाटेल, बाई इंग्रजी शब्दांच्या विरोधात आहेत. तसं नाही. आमच्या नात्यातल्या एका खालाची गोष्ट सांगते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा तिचं सांगलीतलं घर बुडालं. कुपवाड उंचावर, म्हणून सगळी आमच्याकडे आली. पाणी ओसरलं, घर धुतलं, सामान घेतलं. पण त्यानंतर पत्र्यावर पाऊस वाजला की खाला उठून बसायची. रेशनकार्ड आणि कागदांची पिशवी छातीशी धरून पहाटेपर्यंत जागी. आम्ही सगळे म्हणायचो, तिनं पुराचा धसका घेतलाय. शब्द अगदी अचूक होता. पण धसक्यासाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही. चार पावसाळे तसेच गेले.

मग तिचा शिकलेला भाचा म्हणाला, हा ट्रॉमा आहे. खाला चिडली. "मैं कां गिरी? मेरेकू कुछ लगा नै." तिला ट्रॉमा म्हणजे मिरजेला अपघातातली माणसं नेतात तो विभाग. तिचंही चूक नव्हतं म्हणा, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखमच. पण त्या इंग्रजी शब्दानं घरातले हलले, हे मान्य करायला हवं. धसका ऐकून जे चार वर्षं झालं नाही, ते ट्रॉमा ऐकून आठवड्यात झालं.

डॉक्टरांनी विचारलं, "टेन्शन है क्या?" खाला म्हणाली, हां. झोपेच्या गोळ्या मिळाल्या. संपलं. पुढच्या खेपेला सून सोबत होती. तिनं पाऊस, पत्रा आणि पिशवी, तिन्ही सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, नीट ऐकलं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली.

दार उघडलं इंग्रजी शब्दानं, पण आत गेल्यावर सांगायला आपलीच बोली लागली. 'पेन' हा शब्द लॅटिनमधल्या शिक्षेच्या शब्दावरून आला, म्हणजे आपल्या 'भोग'चाच भाऊ. याउलट 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरून शिक्षेतून वाचवलं. कुठला शब्द माणसाला कुठं पोचवतो, सांगता येत नाही.

आपल्या घरातलेही काही शब्द दार लावून घेतात. 'सब्र कर' हा त्यातला पहिला. बाई रडायला लागली की चारजणी हेच सांगतात आणि बोलणं मिटतं. पण कुरआनात याकूब अलैहिस्सलाम 'सब्रे जमील' म्हणतात, आणि यूसुफच्या दुःखानं त्यांचेच डोळे पांढरे पडतात. दोन्ही एकाच सूरेत आहे. सब्र म्हणजे गप्प बसणं, हे आपण कुठून आणलं?

त्या चौदा वह्या मी काहीच न खोडता परत दिल्या. प्रत्येकीत खाली लिहिलं, 'म्हणजे काय होतं?' आतापर्यंत चार वह्या आल्यात. तीन वह्यांत दोन-दोन ओळी आहेत. चौथीत पानभर लिहिलंय, ते इथं सांगण्यासारखं नाही. त्या मुलीच्या अम्मीला उद्या मधल्या सुट्टीत भेटायला बोलावलंय.