सुब्बारावांची गोळी

आमच्या भवानी पेठेत सकाळी बोळातून गेले की खटखट मागाची आणि बोलणे तेलुगूचे, असे दोन्ही एकदम कानावर पडते. त्याच तेलुगूत लहानपणी बोललेल्या एका माणसाची हकिगत यंदाच्या दिवाळीत सांगणार आहे. दिवाळी अंकात आजाराचे नाव काढू नये हे मला ठाऊक आहे. वाचकांनी एवढी एक खेप सांभाळून घ्यावे.

यल्लाप्रगडा सुब्बाराव 1895 साली भीमावरमला जन्मले. मद्रासला डॉक्टरी शिकताना हे गृहस्थ खादीचा झगा घालून शस्त्रक्रियेला उभे राहिले. इंग्रज प्राध्यापकाची मर्जी फिरली आणि वरच्या पदवीऐवजी हलकी पदवी हाती आली. घरचे दोन भाऊ स्प्रू नावाच्या पोटाच्या दुखण्याने गेले. पुढे अमेरिकेत रात्री इस्पितळात रोग्यांची भांडी धुऊन त्यांनी दिवसा संशोधन केले. रक्तातला फॉस्फरस मोजण्याची त्यांची आणि फिस्क यांची रीत 1925 साली प्रसिद्ध झाली. एवढे होऊनही हार्वर्डने कायमची जागा दिली नाही, तेव्हा 1940 साली ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले.

इकडे मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, 1928 पासून ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज बाई गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचे रक्त तपासत होत्या. या बायका पांढऱ्याफटक पडत. बाईंनी त्यांना यीस्टचे मार्माइट चारले आणि रक्त भरून आले. त्यातले गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. ते 1945 च्या सुमारास प्रयोगशाळेत घडवले ते लेडर्लीत, सुब्बारावांच्या हाताखालच्या मंडळींनी. ते स्प्रूवरही चालले. भावांच्या दृष्टीने फार उशिरा.

बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना या जातीची द्रव्ये देऊन पाहिली, तर रोग उलट भरधाव सुटल्यासारखा वाटला. मग त्यांनी विचार फिरवला. आमच्या पेठेच्या भाषेत सांगायचे तर धोट्यात खोटी कांडी भरायची. रोगट पेशी ती खरी समजून घेते आणि तिचा माग अडतो. ही खोटी कांडी, अमिनोप्टेरिन, सुब्बारावांकडून आली. जून 1948 मध्ये फार्बरांनी 16 मुलांची हकिगत छापली. त्यांतल्या 10 मुलांत सुधारणा दिसली. मात्र ती तात्पुरती आहे, हे त्यांनी लेखाच्या मथळ्यातच सांगून टाकले होते. काही महिन्यांत रोग परतला. सुब्बाराव त्याच ऑगस्टमध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी, वारले. मुले खरोखर बरी होण्याचा काळ त्यांना पाहायला मिळाला नाही.

हे सारे मी शेजारच्या एका मागवाल्याला सांगितले. त्याचा मुलगा याच रोगाचे औषध घेतो. "पोरगं जेवतंय, पतंग उडवतंय, मग आता मुंबईच्या फेऱ्या कशाला?" हा त्याचा प्रश्न. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त स्वच्छ दिसले तरी रोगट पेशी लपून राहिलेल्या असतात, म्हणून उपचार दोन-तीन वर्षे चालतात, हे त्याने ऐकून घेतले. पण आकड्यांनी तो हलला नाही. 1948 च्या त्या दहा मुलांपाशी मात्र थबकला. "तीही चांगली दिसत होती?" म्हणाला.

आकडेही सांगितलेच पाहिजेत. 1980 च्या दशकात मुंबईचे टाटा रुग्णालय, मद्रासची अड्यारची संस्था आणि दिल्लीची एम्स यांनी अमेरिकेच्या डॉ. इयन मॅग्रॅथ यांच्याबरोबर एकच ठरावीक उपचारक्रम चालवला. टाटात डॉ. सुरेश अडवाणी त्यात होते. त्याचे नाव एमसीपी 841. पूर्वी चार वर्षांनंतर रोगाने न गाठलेले रुग्ण शेकडा वीसही नसत. ते 45 ते 60 वर गेले. नवे जादूचे औषध नव्हते. होती तीच औषधे नेमाने, शेवटपर्यंत, आणि मध्ये ताप आला तर तत्काळ इलाज.

सुब्बारावांच्या औषधाचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना गोळीतून मिळते, तेही पुष्कळदा आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिली तर जिवावर बेतते. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवताना वार विचारून घ्यावा.

आणि फेऱ्या. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर साडेचारशे किलोमीटर, मग परळ. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. गोळीचे पैसे कुणी दिले तरी त्या दिवशी माग बंद, म्हणजे मजुरी बंद, आणि घरी धाकटी भावंडे कुणाच्या तरी ओटीवर. दोन वर्षांत अशा किती फेऱ्या होतात, हा हिशेब उपचारक्रमाच्या कागदावर कुठेच लिहिलेला नसतो.