सोनारानं कान टोचला, पण पुढचं कोण सांगणार?

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरी बारशाला, सुट्टीत किंवा सणाला कुणाचे कान-नाक टोचायचं चाललंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

कराडात मेडिकल चालवतो हे आपल्या यादीतल्या बहुतेकांना माहीत आहे. काउंटरवर उभं राहून १९ वर्षं झाली. या वर्षांत "दादा, कानाला पाणी येतंय, काहीतरी द्या" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. लहान बाळाची आई येते, कॉलेजची पोरगी येते, आता तर ढोलपथकातली पोरंही येतात, भिकबाळीसाठी वरचा कान टोचलेली. आणि मी काय करत आलो? ट्यूब काढून द्यायची, पैसे घ्यायचे, पुढचं गिऱ्हाईक. आज लिहितोय ते याच सवयीबद्दल.

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या भाचीनं, म्हणजे मामेबहिणीच्या मुलीनं, मैत्रिणींबरोबर जाऊन कानाची वरची कड टोचून घेतली. पोरी त्याला हेलिक्स म्हणतात. आपल्या आज्या जिथं बुगडी घालायच्या, तीच जागा. मोठ्या शहरातल्या एका मॉलमधला स्टॉल, हातात गन, दोन मिनिटांचं काम. सोबत काय सांगितलं? "रोज फिरवत जा आणि स्पिरिट लाव." बस, एवढंच. कागद नाही, चिठ्ठी नाही, त्रास झाला तर कुठं जायचं हेही नाही.

पोरगी शहाणी, सांगितलं ते सगळं केलं. रोज दोनदा फिरवलं, रोज स्पिरिट लावलं. दहाव्या-बाराव्या दिवशी दुकानात आली. कानाची वरची बाजू लाल, गरम, हात लावू देईना. खालची पाळी मात्र अगदी चांगली. "मामा, उद्या क्लासची टेस्ट आहे, काहीतरी द्या." मी डॉक्टरची चिठ्ठी नसताना नेहमीची अँटिबायोटिक पाच दिवसांची दिली. घरातलीच पोरगी, त्यात काय विचारायचं.

सहाव्या दिवशी कान फुगून चेहऱ्यापासून लांब आला होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर दाखल केलं. पू काढला, तो तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये जंतू आला सुडोमोनास. मी दिलेलं औषध या जंतूवर चालतच नाही. हे मला फार्मसीच्या पुस्तकात शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही असेल. काउंटरवर आठवलं नाही.

कान वाचला, पण वरच्या कडेला खाच राहिली. भाची आता केस मोकळे सोडून वावरते. एकदाच म्हणाली, "मामा, तुम्ही त्या दिवशी नुसतं डॉक्टरकडे जा म्हणाला असता तरी चाललं असतं." यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

आता मुद्द्याचं. पाळी आणि वरचा कान यात फरक काय, हे आपल्याकडं कुणी सांगतच नाही. पाळी म्हणजे मांस आणि चरबी, रक्तपुरवठा भरपूर. साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. वरचा कान म्हणजे कूर्चा, ते कुरकुरीत मऊ हाड. त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरून जे पातळ आवरण असतं त्यातून त्याचं पोषण होतं. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साचला की कूर्चेचं पोषण तुटतं, ती मरते आणि कान आक्रसतो. म्हणून वरच्या कानाला पूर्ण भरायला तीन-चार महिने, कधी कधी वर्षही लागतं. नाकपुडीलाही काही महिने द्यावे लागतात. बेंबीचं तर सहा महिने ते वर्ष धरून चला. बाहेरून कोरडं दिसलं म्हणजे आतून भरलं असं नसतं. जखम दोन्ही तोंडांकडून आत भरत जाते, मधला भाग सगळ्यात शेवटी.

आणि ती गन. ती आत एक बोथट खडा जोरानं ढकलते. सुई कापत जाते, गन चिरडत जाते. पाळीला ते एकवेळ सोसतं, कूर्चेला नाही. त्यातून बहुतेक गनचा सांगाडा प्लास्टिकचा, म्हणजे दवाखान्यातली अवजारं जशी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात तशी ती करता येत नाही. वरून स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं. २००० साली अमेरिकेत ओरेगॉन राज्यात एका स्टॉलवर वरचा कान टोचून घेतलेल्यांना याच सुडोमोनासची लागण झाली होती. शोध घेतल्यावर जंतुनाशक म्हणून फवारायच्या बाटलीतच तो जंतू सापडला. तिथं निदान कुणीतरी शोध घेतला.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "आमच्या वेळी सोनार तार घालायचा, आई हळद-खोबरेल लावायची, नाकात कडुनिंबाची काडी ठेवायची, काही झालं नाही." काका, मला ती परंपरा नावं ठेवायची नाही. तुमच्या वेळचा सोनार पाळी टोचायचा, तार सोन्याची असायची आणि दुसऱ्या दिवशी बाळाला परत दाखवायला जाता यायचं, कारण तो आपल्याच गल्लीत बसायचा. हेच आज तुटलंय. पण हेही खरं की त्या काळी ज्यांना झालं त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलं नाही. नवजात बाळांचा धनुर्वात हा आपल्याकडं मोठा मारेकरी होता. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपणाच्या जोरावर २०१५ साली देश त्यातून बाहेर पडला. बाराव्या दिवशी कान टोचायचेच असतील तर बाळाच्या डॉक्टरांना आधी विचारा. धनुर्वाताचा पहिला डोस बाळाला दीड महिन्याला मिळतो. तोपर्यंत आईला गरोदरपणी घेतलेल्या इंजेक्शनचाच आधार. दीड-दोन महिने थांबल्यानं कुठला देव कोपत नाही.

मग टोचल्यावर करायचं काय? खरं सांगू, करायचं थोडं आणि न करायचं जास्त. हात साबणानं धुवायचे, हे पहिलं. दिवसातून एक-दोनदा सलाईननं धुवायचं. नॉर्मल सलाईनची छोटी बाटली कुठल्याही मेडिकलमध्ये एखाद्या वडापावच्या आसपासच्या किमतीत मिळते. फोडलेली बाटली मात्र महिनाभर पुरवायची नाही. अगदीच नसेल तर एक कप पाणी उकळून, गार करून त्यात पाव चमचा मीठ. जास्त मीठ म्हणजे जास्त गुण असं नाही, उलट जखम कोरडी पडून चरचरते. खपली मऊ झाली की आपोआप निघते, नखानं काढायची नाही. मग स्वच्छ कागदी रुमालानं टिपायचं. घरातला सगळ्यांचा टॉवेल नको.

फिरवायचं नाही. हे मोठ्यानं लिहितो, कारण गावात दहापैकी दहा जण फिरवायलाच सांगतात. आतली नवी त्वचा धरत असते आणि आपण रोज ती खरवडून काढतो. शिवाय वाळलेली खपली आत ओढली जाते. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, कडक जंतुनाशकं हीही नकोत. जंतूंबरोबर नव्या पेशीही जळतात. ट्यूब चोपडली की भोक बुजतं, हवा जात नाही आणि वर धूळ चिकटते. हळदीचंही तेच, डब्यातली हळद म्हणजे निर्जंतुक औषध नव्हे. मी हे लिहितोय म्हणजे माझाच धंदा कमी करतोय हे मला कळतं.

फिरकी घट्ट आवळायची नाही. पहिल्या आठवड्यात थोडी सूज येतेच आणि आवळलेलं कानातलं आत रुतून बसतं. लहान मुलींच्या बाबतीत हे मी स्वतः पाहिलंय. आपल्याकडच्या आणखी काही गोष्टी कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. गाडीवर जाताना पोरी स्कार्फ करकचून बांधतात, तोच स्कार्फ आठवडाभर धूत नाहीत, त्यावर हेल्मेट. टोचलेल्या बाजूनं फोन लावतात. विहिरीत आणि नदीत पोहणं, होळीचा रंग, केसांची मेंदी, सगळं भरेपर्यंत लांब ठेवा. उशीचा अभ्रा दोन-तीन दिवसांनी बदला.

दागिना कसला घालताय तेही बघा. स्वस्तातल्या खोट्या दागिन्यात निकेल असतं आणि ताज्या जखमेत ते गेलं की कित्येकांना आयुष्यभराची ॲलर्जी जडते. युरोपात अंगात टोचायच्या दागिन्यातून किती निकेल बाहेर पडू द्यायचं याला कायद्यानं मर्यादा आहे. आपल्याकडं हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, निकेलचं सांगत नाही. सोन्याची तार किंवा शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटेनियम, यापलीकडे पहिल्या दागिन्यात प्रयोग नकोत. ज्यांच्या घरात जखमेवर मांस वाढायची खोड आहे, म्हणजे केलॉइड, त्यांनी तर टोचायच्या आधीच त्वचेच्या डॉक्टरांशी बोला.

घाबरायचं कधी? सुरुवातीला थोडी लाली, थोडं दुखणं, पातळ पांढरट पाणी येऊन वाळणं हे चालतं. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी दिवसागणिक वाढत असेल, जागा गरम लागत असेल, घट्ट पिवळा-हिरवा पू येत असेल, ताप आला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि वरचा कान सुजलाय, पाळी मात्र चांगली आहे, असं दिसलं तर संध्याकाळपर्यंतही थांबू नका. दागिना स्वतः उपटून काढू नका. भोक बुजतं आणि पू आत कोंडतो. काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. माझ्यासारख्या मेडिकलवाल्याकडं येऊ नका, आणि आलात तर मी तुम्हाला डॉक्टरकडंच पाठवणार आहे.

इथवर घरातलं झालं. आता गावाचं.

चहाची टपरी टाकायची तरी अन्न खात्याकडं नोंदणी लागते. औषधाचं दुकान परवान्याशिवाय उघडता येत नाही. पण माणसाच्या अंगाला भोक पाडणाऱ्याच्या भिंतीवर मला आजवर एकही आरोग्याचा परवाना दिसलेला नाही. सुईतून कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही पसरू शकतो हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. रक्तदान शिबिरात जो अर्ज भरून घेतात त्यात कान टोचले का, गोंदवलं का, हे विचारतातच. म्हणजे रक्त घेताना धोका मान्य आणि टोचताना कुणाचं लक्ष नाही. पौषात पालच्या खंडोबाची यात्रा भरेल, लाखांनी माणूस येईल. कुठल्याही मोठ्या यात्रेत गोंदणारे आणि टोचणारे बसतातच. त्यांना हाकला असं माझं अजिबात म्हणणं नाही, त्यांचं पोट आहे. पण प्रत्येक माणसाला नवी, पाकीट समोर फोडलेली सुई, हातमोजे, वापरलेल्या सुया टाकायला बंद डबा आणि गिऱ्हाइकाच्या हातात मराठीत छापलेली एक चिठ्ठी, एवढं जागा देतानाच अट म्हणून घालता येतं. त्यासाठी दिल्लीहून कायदा यायची वाट बघायला नको.

दुसरं शाळांचं. आपल्या तालुक्यातल्या एका शाळेत आठवीतल्या मुलीला, कान टोचून तीन आठवडे झालेले असताना, दागिने चालत नाहीत म्हणून गेटवर कानातलं काढायला लावलं. संध्याकाळी आईनं परत घालायचा प्रयत्न केला, भोक आकसलेलं, जोर लावला, रक्त आलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात. शाळेचा नियम चुकीचा नाही, लोंबतं कानातलं खेळताना अडकतं. पण ताज्या जखमेतला साधा बारीक खडा दोन महिने चालू द्या, वाटलं तर वर चिकटपट्टी लावा, पालकांची चिठ्ठी घ्या. आणि पालकांनीही सोसायची वेळ जूनमध्ये आणू नये. एप्रिलच्या शेवटी, परीक्षा संपल्यावर पाळी टोचली तर शाळा उघडेपर्यंत निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं. नीटला बसणाऱ्या मुलींनी तर अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर नाक टोचायचा विचारही करू नका. परीक्षा गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी येते, तिथं चमकीसुद्धा काढायला लावतात आणि चार-पाच तासांत नवं भोक बुजायला लागतं.

सोनारमंडळींना एक विनंती. सोनारानंच कान टोचावेत अशी म्हण आपल्या भाषेत आहे, एवढा मान दुसऱ्या कुठल्या धंद्याला नाही. तुमच्या संघटनेनं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून अर्ध्या दिवसाचं शिकवणं ठेवलं तर मॉलमधल्या गनपुढं तुमचंच दुकान चालेल. मी खुर्च्या आणि चहाचा खर्च द्यायला तयार आहे, गंमत करत नाही.

माझ्यापुरतं सांगतो. दुकानात आता पाटी लावलीय : वरच्या कानाच्या सुजेवर चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही. दोन गिऱ्हाइकं चिडून समोरच्या दुकानात गेली. जाऊ देत. वर लिहिलेली काळजी मोठ्या अक्षरात एका पानावर छापून, डॉक्टरांकडून तपासून घेतलीय. शंभर प्रती काउंटरवर ठेवल्यात, फुकट आहेत. टोचणाऱ्यांनी गठ्ठा न्यावा, शाळांनी फळ्यावर लावावा. भाचीनंच ते पान टाइप करून दिलंय, आणि "फिरवू नका" हे तिनं लाल अक्षरात केलंय.