64 प्रक्रिया, 64 शून्ये

क्लस्टरवर 64 प्रक्रिया मागितल्या, त्या सगळ्या सुरूही झाल्या, आणि प्रत्येकीने आपला क्रमांक शून्य व एकूण प्रक्रियांची संख्या एक असल्याचे छापले, ही तक्रार या आठवड्यात पुन्हा एकदा पुढे आली. तिचे खापर नेहमीप्रमाणे आधी विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमवर आणि मग नेटवर्कवर फोडण्यात आले, खरे कारण मात्र तिसरेच निघाले. एमपीआयची ओळख या स्तंभाच्या वाचकांना नव्याने करून देण्याची गरज नाही; स्वतंत्र स्मृती असलेल्या अनेक प्रक्रियांनी परस्परांशी संदेशांद्वारे कसे बोलावे हे ठरवणारे ते मानक आहे, एवढे स्मरण पुरे. जॉब सुरू होतानाच न बोलता बिघडणारे सॉफ्टवेअर हे मोठ्याने कोसळणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा अधिक घातक असते, हे येथे पूर्वी मांडलेले मत या तक्रारीने पक्के केले आहे.

या संदर्भात दोन बिघाड शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला बिघाड क्लस्टर वापरणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाचा आहे. जिथे जॉब शेड्यूलर नाही, म्हणजे यंत्रांची वाटणी करणारी व्यवस्था बसवलेली नाही, अशा क्लस्टरवर ओपन एमपीआय या एमपीआय लायब्ररीचा ‘एमपीआयरन’ हा प्रारंभक, अर्थात प्रक्रिया सुरू करून देणारा आदेश, एसएसएचच्या मार्गाने इतर प्रत्येक नोडवर जातो आणि तिथे ‘ऑर्टेड’ नावाचा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीला चालणारा सहायक प्रोग्रॅम, उभा करतो. पाचव्या आवृत्तीपासून हेच काम ‘पीआरटेड’ करतो. तो डीमन सापडला नाही की ‘ऑर्टेड : कमांड नॉट फाउंड’ अशी ओळ पडद्यावर उमटते, तिच्यामागोमाग संभाव्य कारणांची लांबलचक यादी येते आणि जॉब तिथेच थांबतो. वापरकर्ता त्या नोडवर स्वतः लॉगिन करून पाहतो तेव्हा मात्र तोच आदेश बिनदिक्कत सापडतो, आणि त्यामुळे तो अधिकच गोंधळतो. याचे कारण बॅशआरसी या फाइलीत दडलेले असते. उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत सुरुवातीलाच अशी अट घातलेली आहे की समोर माणूस बसलेला नसेल, म्हणजे शेल परस्परसंवादी नसेल, तर पुढचे काही न वाचता परत फिरावे; एसएसएचमधून आलेला दूरचा आदेश नेमका अशा शेलमध्ये चालतो, आणि वापरकर्त्याने आपली पाथची ओळ, म्हणजे आदेश कोणत्या डिरेक्टरीत शोधावेत हे सांगणारी ओळ, हमखास फाइलीच्या तळाशी लिहिलेली असते. ती ओळ त्या अटीच्या वर नेली, किंवा एमपीआयरनचा पूर्ण पत्ता देऊन तो चालवला, की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो, कारण पूर्ण पत्ता दिल्यास ओपन एमपीआय तोच पत्ता दूरच्या नोडवरही गृहीत धरतो. हा बिघाड नवख्याचा दिवस खातो, पण तो प्रामाणिक आहे: काम झालेले नाही हे तो सांगतो, आणि काय सापडले नाही हेही सांगतो.

दुसरा बिघाड याच्या नेमका उलट वागतो. वापरकर्ता मॉड्यूल प्रणालीतून, म्हणजे क्लस्टरवर ठेवलेल्या अनेक आवृत्त्यांपैकी हवी ती निवडू देणाऱ्या व्यवस्थेतून, ओपन एमपीआय लोड करतो; पायथनसाठी लागणारे ‘एमपीआय-फोर-पाय’ हे पॅकेज मात्र कोंडा या पॅकेज-व्यवस्थापकातून बसवतो, आणि त्या पॅकेजबरोबर एमपीआयसीएच ही वेगळीच एमपीआय लायब्ररी त्याच्या होम डिरेक्टरीत येऊन बसते. आता प्रारंभक एकाचा आणि लायब्ररी दुसऱ्याची, अशी स्थिती होते. ओपन एमपीआयचा प्रारंभक प्रत्येक प्रक्रियेला तिचा क्रमांक आणि एकूण संख्या कळवतो, पण पीएमआयएक्स या प्रोटोकॉलमधून. एमपीआयसीएचची नेहमीची बांधणी तीच माहिती पीएमआय या जुन्या प्रोटोकॉलच्या ‘पीएमआय-रँक’ आणि ‘पीएमआय-साइझ’ यांसारख्या पर्यावरण-चलांत शोधते, तिथे तिला काहीही सापडत नाही, आणि आपल्याला कोणत्याही प्रारंभकाने सुरू केलेले नाही असे मानून ती प्रक्रिया एकटीच पुढे चालू लागते. परिणाम असा होतो की 64 प्रक्रिया तेच संपूर्ण काम 64 वेळा करतात, एकाच फाइलीवर एकमेकींच्या वर लिहितात, आणि जॉब यशाचा संकेत देऊन संपतो. उत्तर पुष्कळदा बरोबरही असते, आणि खरा धोका तिथेच आहे, कारण बरोबर उत्तराची चौकशी कोणी करत नाही. वेळ कमी झालेला नसतो, उलट एकाच नोडवरील स्मृतीकडे जाणाऱ्या मार्गावर गर्दी झाल्याने तो वाढलेला असतो. त्यावरून आलेख काढला जातो आणि ही पद्धत समांतर करण्यास योग्य नाही असा निष्कर्ष प्रबंधात जातो.

हे मौन अपघाताने आलेले नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रारंभकाशिवाय थेट चालवलेल्या प्रोग्रॅमलाही एकट्या प्रक्रियेचा एमपीआय प्रोग्रॅम म्हणून चालू द्यावे, ही सोय 1997 च्या एमपीआय-2 मानकाने उत्तम अंमलबजावणीचे लक्षण म्हणून सुचवली, आणि दोष शोधताना किंवा लॅपटॉपवर लहानशी चाचणी घेताना ती सोय खरोखर उपयोगी पडते. परंतु लॅपटॉपवरची सोय क्लस्टरवर जशीच्या तशी ठेवण्याचे कारण नव्हते. आजूबाजूला शेड्यूलरच्या खुणा स्पष्ट दिसत असताना, म्हणजे स्लर्म या शेड्यूलरने 64 कामांची नोंद पर्यावरण-चलात लिहून ठेवलेली असताना, आपण एकट्याच आहोत असे लायब्ररीने मानणे हे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे आहे. यावर उपाय अवघड आहे असेही म्हणता येत नाही, कारण ओपन एमपीआयनेच तो एका ठिकाणी करून दाखवला आहे: स्लर्मच्या पीएमआयचा आधार न घेता बांधलेला ओपन एमपीआयचा प्रोग्रॅम थेट स्लर्मच्या ‘एसरन’ या प्रारंभकाने चालवला, तर ही बाब ओळखून लायब्ररी स्पष्ट संदेश देते आणि काम करण्यास नकार देते. एका जोडीसाठी जी दक्षता घेता येते ती इतर जोड्यांसाठी का घेतली जात नाही, या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. तो केवळ प्राधान्याचा प्रश्न आहे. यंत्रभागांच्या बिघाडापेक्षा या मौनाने अधिक संगणन-तास वाया जातात, हे या स्तंभाचे जुने म्हणणे आहे, आणि त्याचा आकडेवार पुरावा मागणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की असा प्रत्येक जॉब शेड्यूलरच्या नोंदवहीत ‘पूर्ण’ म्हणूनच लिहिला जातो.

प्रारंभक आणि लायब्ररी यांच्या या बेमेळाचे मूळ जुने आहे. एमपीआयचे पहिले मानक 1994 मध्ये आले, पण ते प्रोग्रॅमच्या मजकुरापुरते होते. कम्पाइल झालेल्या प्रोग्रॅमच्या पातळीवर प्रत्येक अंमलबजावणी आपापल्या मार्गाने गेली. प्रक्रियांच्या गटाची खूण एमपीआयसीएचमध्ये पूर्णांक असते तर ओपन एमपीआयमध्ये स्मृतीतील पत्ता असतो, त्यामुळे एकीसाठी कम्पाइल केलेला प्रोग्रॅम दुसरीबरोबर चालू शकत नाही. ‘एमपीआयएक्झेक’ हा समान प्रारंभक-आदेश 1997 च्या मानकात आला, तोही केवळ शिफारस म्हणून. ही कम्पाइल केलेल्या पातळीवरील सुसंगती अखेर जून 2025 मधील एमपीआय-5 ने मानकात आणली, म्हणजे मूळ मानकानंतर 31 वर्षांनी, आणि तिचे मनापासून स्वागत केले पाहिजे. मात्र प्रारंभक आणि लायब्ररी यांनी एकमेकांना कसे ओळखावे हे या सुसंगतीतही ठरलेले नाही, त्यामुळे 64 शून्यांची तक्रार तिने संपणार नाही.

मानक जे ठरवत नाही ते माणसांनाच जुळवावे लागते. पुण्यात सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला तेव्हा एमपीआय अस्तित्वातही नव्हते; त्यासाठीचे पारस हे प्रोग्रॅमिंगचे वातावरणही त्याच संस्थेने घडवले होते, आणि यंत्र व सॉफ्टवेअर यांची जबाबदारी एकाच ठिकाणी होती. आज राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून, ज्याला 2015 मध्ये 4500 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म आहे आणि 2024 पासून जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी परम रुद्र आहे. अशा यंत्रांची ओळख पेटाफ्लॉपने, म्हणजे सेकंदाला 10 च्या 15 व्या घाताइतक्या गणितक्रियांच्या पटीत, करून दिली जाते. लायब्ररी बसवून, प्रारंभकाशी तिची जोडी जुळवून, प्रत्येक अद्यतनानंतर ती पुन्हा तपासणाऱ्या माणसांची कायम पदे किती, हे मात्र त्या ओळखीत कधी येत नाही. विद्यापीठांच्या लहान क्लस्टरवर तर हे काम पीएचडीच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते आणि तो गेला की ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. ही पदे निर्माण झाल्याशिवाय नव्या यंत्रांची क्षमता कागदावरच राहील.

तोवर तपासणीचा क्रम तरी सर्वांनी ठरवून घ्यावा. प्रथम प्रारंभकातून केवळ ‘होस्टनेम’ हा साधा आदेश चालवावा. सर्व नोडांची नावे आली तर प्रारंभ ठीक आहे, आणि नावे न येता सगळे अडकले तर फायरवॉलकडे किंवा प्रत्येक नोडवर तोच पत्ता धारण करून बसलेल्या आभासी नेटवर्क-जोडणीकडे पाहावे. त्यानंतर क्रमांक आणि संख्या छापणारा छोटा एमपीआय प्रोग्रॅम चालवावा. नावे बरोबर येऊनही येथे शून्य आणि एक आले, तर प्रारंभक एका एमपीआयचा व लायब्ररी दुसऱ्या एमपीआयची आहे असे समजून ‘विच’ने प्रारंभकाचा आणि ‘एलडीडी’ने लायब्ररीचा पत्ता शोधावा. कोंडातील लायब्ररी काढून एमपीआय-फोर-पाय क्लस्टरच्याच एमपीआयवर कम्पाइल करून घ्यावे. आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या प्रारंभी शेड्यूलरने सांगितलेली संख्या एमपीआयच्या संख्येशी ताडून, त्या जुळत नसतील तर काम थांबवणाऱ्या दोन-चार ओळी लिहाव्यात. मार्गदर्शकांना विनंती एवढीच की समांतर कामगिरीचा कोणताही आलेख प्रबंधात स्वीकारण्यापूर्वी त्यांनी त्या जॉबने छापलेली प्रक्रियांची संख्या मागून पाहावी.