माल चांगला आहे, पण गिऱ्हाइकाला ते कळणार कसे?

आपल्या कारागीर बांधवांच्या तोंडी एक वाक्य नेहमी ऐकू येते, "आमचा मालच बोलतो, आम्हाला जाहिरातीची गरज नाही." या वाक्यात स्वाभिमान आहे आणि तो रास्तही आहे. परंतु माल बोलतो तो समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी. गिऱ्हाईक गल्लीत यायचेच थांबले, तर माल कोणाशी बोलणार?

मिरजेचेच उदाहरण घ्या. एके काळी तलवारी व हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी तंतुवाद्यांचे काम हाती घेतले. पंढरपूरकडचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि जवारी लावणारा कान, एवढ्या भांडवलावर मिरजेची सतार व तानपुरा देशभर आणि परदेशातही पोहोचला. ही कीर्ती गवयांच्या तोंडून पसरली. एका उस्तादाने वाद्य नेले की त्याचे दहा शागीर्द त्याच कारागिराचा पत्ता विचारीत येत. तोंडी शिफारस हीच त्या काळची जाहिरात होती.

मग इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला आणि पुढे मोबाईलवर तानपुऱ्याचे ॲप आले. रियाजाला बसणारा विद्यार्थी आता खिशातला फोन समोर ठेवतो आणि सूर लावतो. ज्या मोबाईलने तानपुऱ्याचे गिऱ्हाईक नेले, तोच मोबाईल नवे गिऱ्हाईक आणून देऊ शकतो, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी मनावर घेतली आहे. सन २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची बाब होय. परंतु केवळ मानांकनाने वाद्य विकले जात नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे हे मानांकन वापरण्यासाठी कारागिराने स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि त्यानंतर "हे वाद्य माझ्या हातचे आहे" हे जगाला सांगावे लागते. हे सांगण्याचे काम आपण केले नाही तर मधला दलाल करतो. वाद्य तुमचे, छायाचित्र त्याने काढलेले, फोन नंबर त्याचा आणि नफाही त्याचाच. मालेगावचा मागवाला, हिमरू शालीचा विणकर, भिवंडीचा छोटा कापड व्यापारी या सर्वांना हीच गोष्ट लागू आहे.

तेव्हा काय करावे? सुरुवात फुकटच्या साधनांनी करावी.

पहिले साधन म्हणजे गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद. तिला पैसे लागत नाहीत. पत्ता, फोन, मालाची चार स्वच्छ छायाचित्रे आणि दुकानाची वेळ एवढे भरले की परगावचा माणूस तुमच्या दारापर्यंत येऊ शकतो. वेळ मात्र खरी लिहावी. शुक्रवारी दुपारी दुकान बंद राहत असेल, रमजानमध्ये वेळ बदलत असेल, तर तशी नोंद करावी. दूरवरून आलेला गिऱ्हाईक बंद कुलूप पाहून परतला तर तो पुन्हा येत नाही.

दुसरे साधन व्हॉट्सॲप बिझनेस. आपल्या देशात ते २०१८ पासून उपलब्ध आहे. यात मालाची यादी छायाचित्र व किमतीसह लावता येते आणि दुकान बंद असताना आलेल्या निरोपाला आपोआप उत्तर जाते. घरचा व धंद्याचा नंबर वेगळा ठेवावा. एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. ब्रॉडकास्ट यादीतून पाठविलेला निरोप ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच मिळतो. म्हणून बिल देताना गिऱ्हाइकाला नंबर जतन करण्याची विनंती करावी. रोज दहा निरोप पाठवू नयेत; कंटाळलेला माणूस नंबर बंद करून टाकतो.

तिसरे साधन चित्रफीत. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर तयार वस्तूपेक्षा ती तयार होताना पाहायला लोकांना आवडते. भोपळा कसा कापतात, पडदे कसे बांधतात, जवारी लावण्यापूर्वीचा व नंतरचा नाद यांत काय फरक पडतो, हे एका मिनिटात दाखवता येते. चेहरा दाखवायचा नसेल तर हात दाखवावेत. कारागिराची ओळख त्याच्या हातांनीच होते.

पैसे देऊन जाहिरात करायची ती यानंतर, आणि हिशेब ठेवूनच. समजा, १,५०० रुपये जाहिरातीवर खर्च झाले, ३० जणांनी चौकशी केली आणि तिघांनी माल घेतला. म्हणजे एका विक्रीमागे ५०० रुपये खर्च पडला. एका नगामागे तुमचा नफा ४०० रुपये असेल, तर विक्री वाढूनही तुम्ही तोट्यात आहात. यास्तव प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला "आमचा पत्ता कोठून मिळाला?" हा प्रश्न विचारावा आणि उत्तर वहीत लिहावे. किती जणांनी पसंतीचा अंगठा दाखवला याने गल्ला भरत नाही.

आता सचोटीविषयी. दुसऱ्याच्या मालाचे छायाचित्र आपले म्हणून लावणे, यंत्रावरचा माल हातचा म्हणून खपवणे, भाच्या-पुतण्यांकडून खोटे अभिप्राय लिहून घेणे, हे प्रकार आपल्यातही शिरू लागले आहेत. मालाचा दोष झाकून सौदा करणे दुकानात जसे नाजायज, तसेच ते मोबाईलवरही नाजायज. कायद्यानेही याला मनाई आहे. ई-वाणिज्याच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाबद्दल अभिप्राय लिहिता येत नाही. लाकडात गाठ असेल तर तिचेही छायाचित्र द्यावे. वाटेत वाद्य फुटले तर नुकसान कोणाचे, हे पैसे घेण्यापूर्वीच लिहून कळवावे. असा व्यापारी सुरुवातीला दोन सौदे गमावील, पण त्याचे गिऱ्हाईक टिकेल.

फसवणूक आपलीही होऊ शकते. मोठी ऑर्डर देतो असे सांगून कोणी पिन टाकायला सांगितला, तर तेथेच फोन ठेवावा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे पाठविल्याचे छायाचित्र पाहून माल सोडू नये. रक्कम आपल्या खात्यात जमा झालेली स्वतः पाहावी.

शिवाय हे सारे मैदान परक्याचे आहे, याचा विसर पडू देऊ नये. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि अनेकांनी जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत गेला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप काही तास बंद पडले. म्हणून गिऱ्हाइकांची नावे व नंबर आपल्या वहीत असलेच पाहिजेत.

शेवटी घरातल्यांविषयी. बहुतेक ठिकाणी हे काम शिकलेला मुलगा किंवा मुलगी करते आणि वडील मंडळी त्याला "मोबाईलचा नाद" म्हणतात. नाद आणि काम यांत फरक करायला हवा. जी मुलगी रात्री बसून चौकशांना उत्तरे देते, ती दुकान चालवीत असते. तिला तिच्या कामाचा मोबदला द्यावा आणि हिशेबही विचारावा. वडिलांच्या हातातले कसब आणि मुलांच्या हातातला मोबाईल एकाच कामाला लागले, तर पुढची पिढी हा धंदा सोडणार नाही. नाहीतर कारखान्याला कुलूप लागेल आणि दलालाच्या यादीत आपल्या वाद्याचे जुने छायाचित्र तेवढे उरेल.

व्यापारी बंधूंनो, या आठवड्यात एवढेच करा. दुकानाची नोंद नकाशावर करा, आपल्या हातच्या पाच वस्तूंची खरी छायाचित्रे खऱ्या किमतीसह लावा आणि एक कोरी वही आणा. बरकत देणारा अल्लाह आहे; दुकान उघडून बसणे हे मात्र आपले काम आहे.