मुंबईच्या वाटेवर यंत्राचा वाटाड्या



बियाणे कोणते घ्यावे, पंप किती अश्वशक्तीचा बसवावा, फवारा कोणता बरा, याबद्दल आपण या सदरात नेहमी बोलतो. आजचा विषय गाडीतल्या यंत्राचा आहे. शेतीच्या सदरात हा कशाला, असे कोणी म्हणेल. पण गाडी आता औजारांतच जमा झाली आहे. झेंडू-शेवंती पहाटे दादरच्या फूलबाजारात पोचवायची तर गाडी लागते. घरातल्या आजारी माणसाला परळच्या के.ई.एम. किंवा टाटा रुग्णालयात न्यायचे तरी गाडीच लागते. वाट चुकून तास गेला तर फुलांचा भाव उतरतो. रुग्णालयातला नंबर चुकला तर आजारी माणसाला सारा दिवस खोळंबावे लागते. म्हणून वाट दाखवणारे यंत्र घेताना चार गोष्टी समजून घ्याव्यात.

या वस्तूंसाठी बरेच जण ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जातात. त्याचे कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग. गिरगावाच्या शेजारीच हा विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचा जुना बाजार आहे. दुकानदार आधी मोठा, झगझगीत पडदा दाखवतो. त्याला भुलू नये. पडदा सर्वांत शेवटी बघायचा. आधी बघायचे ते उपग्रहाचा संदेश पकडणारा रिसीव्हर, मग नकाशा आणि मग बसवणी.

यंत्राला जागा कशी कळते?

जी.पी.एस. ही अमेरिकेने उभारलेली व्यवस्था. ती १९९५ साली पुरती कामाला लागली. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह वेळेचे संदेश सोडत असतात. आपले यंत्र ते नुसते ऐकते; उपग्रहाला उलट काही कळवत नाही. संदेश यायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. चार उपग्रहांपासूनची अंतरे कळली, की आपली जागा ठरते. बांधावरच्या पक्क्या खुणांपासून साखळी टाकून विहिरीची जागा ठरवावी, तसाच हा प्रकार. मात्र वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. इतके हे काम नाजूक आहे.

उघड्या माळावर चांगला मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. गुंठ्याची बाजू ३३ फुटांची, म्हणजे सुमारे दहा मीटर. पाच मीटरची चूक म्हणजे अर्धी बाजू! त्यामुळे या यंत्राच्या भरवशावर बांधाचा तंटा सोडवायला जाऊ नये. रस्ता शोधायला मात्र एवढी अचूकता पुरते.

मुंबईत यंत्र का गोंधळते?

गावाकडे बरोबर चालणारे यंत्र परळ-लालबागला आले की चुकते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याची कारणे तीन.

पहिले कारण उंच इमारतींचे. परळ, लोअर परळ, लालबाग हा एके काळचा गिरण्यांचा भाग. गिरण्यांच्या जागेवर आता काचेचे उंच मनोरे उभे आहेत. उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून येतो तेव्हा त्याला जास्त अंतर कापावे लागते. यंत्राला वाटते, आपण शेजारच्या रस्त्यावर आहोत.

दुसरे कारण उड्डाणपुलांचे. डॉ. आंबेडकर रस्त्यावरचा लालबागचा उड्डाणपूल २०११ साली खुला झाला. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता नकाशावर एकाच रेषेत येतात. गाडी वर आहे की खाली, हे यंत्राला नीट उमगत नाही. चिंचपोकळी स्टेशन, लालबागचा बाजार किंवा भारतमाता गाठायचे असेल तर खालूनच जावे लागते. एकदा पुलावर चढलात, की ही ठिकाणे मागे पडतात.

तिसरे कारण बदलत्या रस्त्यांचे, आणि सर्वांत जास्त फसवणारे तेच. लोअर परळचा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला, तो पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. प्रभादेवी आणि परळ यांना जोडणारा एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी पाडकामासाठी बंद करण्यात आला. पश्चिमेकडून के.ई.एम.ला येणारे कितीतरी लोक त्याच पुलावरून येत. तो बंद होताच ही वाहतूक दादरचा टिळक पूल आणि करी रोड, चिंचपोकळीच्या पुलांकडे वळवावी लागली. उलट १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि पनवेलच्या बाजूने येणाऱ्या मोटारींना थेट शिवडीत उतरायची सोय झाली. शिवडीहून परळ हाकेच्या अंतरावर आहे. जुन्या नकाशात यातले काहीच नसते. ताजा न केलेला नकाशा म्हणजे फेरफार न नोंदलेला सातबाराच. कागद खरा, पण त्यावर आजची स्थिती नसते.

कोणते यंत्र घ्यावे?

आपल्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला, हातातला मोबाइलच गाडीत पक्क्या पकडीवर बसवणे. दुसरा, डॅशबोर्डमध्ये अँड्रॉइडचा पडदा बसवणे. तिसरा, टॅबलेट किंवा लहान संगणक घेऊन त्याला यू.एस.बी.चा वेगळा रिसीव्हर जोडणे.

महिन्यातून एक-दोनदा मुंबईला जाणाऱ्याने पहिलाच पर्याय घ्यावा. पाच-सहा वर्षांचा मोबाइल असेल तर पडद्यावर खर्च करण्यापेक्षा मोबाइल बदलावा. घेताना एकच प्रश्न विचारावा: "हा एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही लहरी पकडतो का?" दोन लहरी पकडणारा रिसीव्हर भिंतीवरून उलटून आलेला संदेश बराचसा ओळखतो. परळच्या मनोऱ्यांमध्ये त्याचा खरा उपयोग होतो.

आठवड्यातून तीन-चार खेपा करणाऱ्या टेम्पोवाल्याने दुसऱ्या पर्यायाचा विचार करावा. या पडद्यांतही दोन जाती आहेत. एका जातीत पडदा नुसता आरसा असतो; जोडलेला मोबाइल वाट शोधतो आणि पडदा ती दाखवतो. दुसऱ्या जातीत पडद्यातच संगणक असतो आणि त्याची अँटेना वेगळ्या वायरने येते. या दुसऱ्या जातीत निदान ४ जी.बी. स्मरणशक्ती असावी. नाहीतर वळण मागे गेल्यावर यंत्र सांगते, "आता उजवीकडे वळा".

तिसरा पर्याय हौशी माणसाचा. घरातल्या कोणाला संगणकाची जाण असेल तरच त्या वाटेला जावे. त्याचा एक फायदा आहे. रिसीव्हर चुंबकाने टपावर बसतो आणि त्याला मोकळे आकाश मिळते. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ देऊ नका.

पेटीवर "नाविक" असे छापलेले दिसेल. ही इस्रोची, आपल्या देशाची व्यवस्था. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला. ती आपली आहे याचा अभिमान जरूर बाळगावा. पण तिच्या काही उपग्रहांची अणुघड्याळे बिघडलेली आहेत. म्हणून जी.पी.एस.सोबत नाविक असेल तर उत्तम, पण केवळ त्या नावासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आणखी एक घोटाळा टाळावा. गाडी कुठे आहे हे मालकाला घरबसल्या दाखवणारे यंत्र वेगळे. त्याला ट्रॅकर म्हणतात. ते चालकाला वाट दाखवत नाही. दुकानात दोन्हींना "जी.पी.एस."च म्हणतात, म्हणून आपल्याला काय हवे ते स्पष्ट सांगावे.

नकाशा कोणता?

गूगलच्या नकाशात रस्त्यावरची कोंडी कळते, पण त्यासाठी इंटरनेट चालू लागते. उड्डाणपूल घ्यायचा की नाही हे सांगण्याची सोय गूगलने भारतातील काही शहरांसाठी २०२४ साली आणली. ‘मॅपल्स’ हा मॅपमायइंडिया या देशी कंपनीचा नकाशा; तो काही चौकांचे चित्र काढून दाखवतो. ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ आणि ‘ऑसमँड’ लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात. घाटात रेंज गेली तरी ते थांबत नाहीत, मात्र त्यांच्यावर कोंडीची ताजी खबर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

माझा सल्ला असा, की एकावर विसंबू नका. एक इंटरनेटवर चालणारा आणि एक आधी उतरवून ठेवलेला, असे दोन नकाशे ठेवा. निघण्याच्या आदल्या रात्री दोन्ही ताजे करून घ्या. आवाज मराठीत मिळतो का, हे दुकानातच लावून ऐका.

ठिकाण निवडताना नाव पुरते वाचा. परळ वेगळे, लोअर परळ वेगळे. दादर पूर्व आणि दादर पश्चिम यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ आहेत. टाटा रुग्णालय परळला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर आहे, पण त्याच संस्थेचे दुसरे केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. रुग्णालयाच्या कागदावर कोणते लिहिले आहे ते आधी पाहा. के.ई.एम. आणि वाडिया आचार्य दोंदे मार्गावर आहेत. अक्षांश-रेखांश टाकणार असाल तर दशांश चिन्हापुढे पाच आकडे टाका. दोनच आकडे टाकलेत तर नेम सुमारे एक किलोमीटरने हुकू शकतो.

बसवणी आणि चाचणी

उत्तम बियाणे आणले, पण वाफसा नसताना पेरले, तर उगवण कशी होणार? रिसीव्हरचेही तसेच आहे. त्याला आकाश दिसले पाहिजे. पत्र्याच्या टपाखाली, रेडिओच्या मागे किंवा धातूचा मुलामा असलेल्या फिल्ममागे तो ठेवू नये. अँटेनाचे तोंड वर असावे, वायर कापून जोडू नये. स्वस्त चार्जर आणि कॅमेरा यांच्यामुळे संदेशात खरखर येते, म्हणून अँटेना त्यांच्यापासून लांब ठेवावी. टेम्पोची वीज साधारण १२ व्होल्टची, मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची असते. जोडणी त्याप्रमाणे करून फ्यूज टाकून घ्यावा.

पैसे देण्याआधी यंत्र दुकानाबाहेर, उघड्यावर आणावे. मोबाइल असेल तर विमान-मोड लावावा, म्हणजे टॉवरची मदत बंद होते. जागा दाखवायला किती वेळ लागतो ते मोजावे. मग जमल्यास लालबागच्या पुलावरून एकदा वरून आणि एकदा खालून गाडी न्यावी. जो या परीक्षेत बरा ठरेल तो घ्यावा. पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद घेतल्याशिवाय तिथून हलू नये.

शेवटी अधिकार कोणाचा?

यंत्राला मोटारीचा रस्ता ठाऊक असतो, टेम्पोची उंची आणि वजन ठाऊक नसते. किनारी रस्ता जवळचा दिसला तरी त्यावर मालवाहू गाड्यांना मनाई आहे. मोटारीने गेलात, तर प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी हा दोन किलोमीटरचा बोगदा लागतो. आत उपग्रहाचा संदेश पोचत नाही. तिथे घाबरून वेग कमी करू नका. बाहेर येताच यंत्र पुन्हा ठिकाणावर येते. गणेशोत्सवात लालबाग आणि गिरगाव इथले रस्ते पोलिस बंद करतात. अशा वेळी चौकातला पोलिस आणि रस्त्यावरची पाटी हेच खरे.

२०२० च्या सुधारित नियमाप्रमाणे गाडी चालवताना फोनसारखे यंत्र फक्त वाट पाहण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. म्हणून ठिकाण निघण्यापूर्वीच टाकावे. शेजारी घरचे माणूस असेल तर पडदा त्याने बघावा आणि चालकाने रस्ता. घरात शिकलेली मुलगी असेल तर हे काम तिला द्या. वळण यायच्या आधी ती शांतपणे सांगेल, आणि चुकलेच एखादे वळण, तर पुढच्या चौकात वळता येते. पुलावर किंवा एकेरी रस्त्यावर गाडी मागे घेण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल, पण माल आणि माणूस दोन्ही सुखरूप पोचले पाहिजेत.