सल्ल्याचे मोल आणि प्लायवूडवरील कमिशन

आपल्या समाजातील मुली आणि सुना आता अंतर्गत सजावटीचे, म्हणजे इंटिरियर डिझाईनचे, रीतसर शिक्षण घेऊन व्यवसायात उतरत आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात त्यांना कामाची वाण नाही. मुंबईत घर घेणे न परवडलेली कितीतरी तरुण दाम्पत्ये आपले पहिले घर येथे घेतात आणि किल्ली हाती आली की ओटा, कपाटे, देवघर यांचा विचार सुरू होतो. मात्र फीचा विषय निघाला की गाडी अडते. ‘‘नकाशा काढण्याचे कसले पैसे? माल तुम्ही सांगाल तिथूनच घेऊ,’’ असे ग्राहक सहज म्हणून जातो. डिझायनरही मग फी सोडून देते आणि दुकानदाराच्या कमिशनवर भागवते.

हे कमिशन देणारे कोण? प्लायवूड, लॅमिनेट, हार्डवेअर, टाइल्स, सॅनिटरी वेअर यांची दुकाने आपल्यापैकीच अनेकांची आहेत. आपण विक्रेते आहोत, गृहस्वामी आहोत आणि डिझायनर मुलीचे पालकही आहोत. म्हणून या व्यवहाराचा हिशेब एकदा उघड मांडणे इष्ट होईल.

समजा, बदलापूरला 450 चौरस फुटांच्या सदनिकेत 8 लाख रुपयांचे काम निघाले आणि त्यात 5 लाखांचा माल आला. दुकानदाराने 10 टक्के कमिशन दिले तर ते 50,000 रुपये झाले. ही रक्कम दुकानदार पदरची देत नाही. ती दरात आधीच धरलेली असते. म्हणजे ज्या गृहस्थाने 50,000 रुपये फी देण्यास नकार दिला, त्यानेच ती रक्कम नकळत भरली. फरक एवढाच, की फी देऊन त्याने सल्लागार नेमला असता. कमिशन भरून त्याने दुकानदाराचा विक्रेता पोसला.

पैशाहून मोठी बाब पुढेच आहे. कमिशन विकत घेतलेल्या वस्तूवर मिळते, न घेतलेल्या वस्तूवर मिळत नाही. आणि चांगल्या डिझायनरचे निम्मे काम ‘हे करू नका’ असे सांगण्याचे असते.

भिंतींचेच पाहा. स्वयंपाकघर मोठे दिसावे म्हणून मधली भिंत पाडावी, न्हाणीघर सरकवावे, बाल्कनी आत घ्यावी, ही या पट्ट्यातील नेहमीची मागणी. रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विनामोबदला दूर करण्याची जबाबदारी विकासकावर आहे. परंतु विक्री कराराच्या नमुन्यातच एक अट आहे: खरेदीदाराने विकासकाच्या लेखी संमतीवाचून सदनिकेच्या बांधकामात फेरफार केले, तर ही दोषदायित्वाची हमी आपोआप रद्द होते. करारनामा कपाटात पडून राहतो आणि पहिल्याच महिन्यात हातोडा चालतो. त्यानंतर न्हाणीघराच्या छतातून पाणी झिरपू लागले, तर कोणाकडे बोट दाखवणार? करारनामा मागून वाचणारी आणि भिंतीला हात लावू नका असे सांगणारी डिझायनर त्या घराची 5 वर्षांची हमी वाचवते. त्या सल्ल्यावर तिला कोणता दुकानदार कमिशन देईल?

उल्हासनगरात तर हा प्रश्न जिवावरचा आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित बांधव आले. 1949 मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकीत आडोसे करून संसार थाटणाऱ्या त्या माणसांनी या शहरातली पहिली अंतर्गत रचना केली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे बराकींच्या जागी इमारती उठल्या, त्यांत अनधिकृत इतक्या की त्या नियमित करण्यासाठी 2006 मध्ये राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. मे 2021 मध्ये एकाच महिन्यात येथील दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. अशा जुन्या इमारतीत फॉल्स सीलिंग टांगण्याआधी वरच्या स्लॅबची अवस्था पाहणे हे डिझायनरचे पहिले कर्तव्य होय. सुंदर पीओपीखाली गंजलेली सळई आणि ओलीचा डाग दोन्ही झाकले जातात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर 3 वर्षांनी व्हावयास हवे. तो अहवाल संस्थेकडे मागितल्यावाचून काम हाती घेऊ नये.

बदलापुरात नदीकाठच्या भागांचे निराळे. 26 जुलै 2005 चा पूर जुन्या रहिवाशांच्या स्मरणात आहे. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर व वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, ते तर साऱ्या देशाने पाहिले. उल्हास नदीलगतच्या तळमजल्यावर पार्टिकल बोर्डाची कपाटे बसवणे म्हणजे पुढील पुरात ती फुगवून फेकणे. तेथे आयएस 710 प्रमाणाचे मरीन प्लायवूड वापरावे, किंवा ओट्याखाली लाकूडकामाऐवजी कडप्प्याच्या फडताळ्या कराव्यात. कडप्प्याची फडताळी स्वस्त पडते. स्वस्त पडते म्हणूनच कमिशनवर जगणारा माणूस ती सुचवत नाही.

आता पती-पत्नींविषयी. बँकेत गृहकर्जाच्या मुलाखती घेताना पाहिलेली एक गोष्ट या व्यवसायातही दिसते: बोलतो एक आणि घर वापरतो दुसरा. यजमान दिवाणखान्याच्या टीव्ही युनिटवर अर्धा तास बोलतात; पत्नीला ओट्याची उंची कोणी विचारत नाही. ओट्याची उंची कॅटलॉगवरून नव्हे, रोज उभे राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपरावरून ठरते. दोघेही स्वयंपाक करीत असतील तर दोघांचीही मापे घ्यावीत. आपल्या घरांत पाणी गाळण्याची सोय लागते. सूर्यास्तापूर्वी भोजन असल्याने सारे कुटुंब एकाच वेळी ताटावर बसते, म्हणून चार खुर्च्यांचे टेबल सहा जणांच्या घरात पहिल्याच दिवशी अपुरे पडते. हे प्रश्न ज्या डिझायनरला सुचतात, तिची फी त्या प्रश्नांसाठी आहे.

पैशाच्या सोयीबाबतही दोघांना एकत्र बसवून विचारावे. 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. उरलेला वाटा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांतच बहुतेकांची शिल्लक संपते. सजावटीसाठी मग वैयक्तिक कर्ज काढले जाते, आणि त्याचा व्याजदर गृहकर्जाहून चढा असतो. अशा वेळी यंदा ओटा आणि कपाटे करू, दिवाणखाना दोन वर्षांनी पाहू, असे सांगण्यातच सल्लागाराची परीक्षा असते.

डिझायनर मुलींच्या पालकांना माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. 1961 च्या आयकर कायद्याने अंतर्गत सजावटीला वकिली, वैद्यकी, लेखापरीक्षण यांच्या पंक्तीत, व्यवसायांच्या यादीत स्पष्टपणे घातले. कलम 44 एडीएनुसार 50 लाखांपर्यंतच्या प्राप्तीवर (रोखीचा भाग 5 टक्क्यांहून अधिक नसल्यास 75 लाखांपर्यंत) निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून विवरण भरण्याची सोय तिच्यासाठीही केली. ही सोय वापरायची तर फी बँकेतून आली पाहिजे. रोख पाकिटातले कमिशन विवरणात दिसत नाही. उद्या तिला स्वतःचे कार्यालय घेण्यासाठी कर्ज हवे असेल, तर बँक तीन वर्षांची विवरणे मागेल आणि त्या पाकिटांना तेथे शून्य किंमत असेल. तिचा व्यवसाय हा हौसेचा उद्योग नव्हे, हे आधी घरच्यांनी मान्य करावे.

फी एकरकमी मागू नये. आराखडा मान्य झाल्यावर एक भाग, सुतारकाम सुरू होताना दुसरा, रंगकाम आटोपल्यावर तिसरा, अशी विभागणी करारात लिहावी. गृहकर्जाच्या कागदांवर सर्व सहकर्जदारांच्या सह्या घेतल्याखेरीज आम्ही रक्कम सोडत नसू. आराखड्याच्या प्रत्येक पानावरही पती-पत्नी दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि सहीनंतरच्या बदलाचे शुल्क निराळे लावावे. दुकानदार बंधूंनी कमिशनची तीच रक्कम ग्राहकाच्या बिलात सूट म्हणून दाखवावी. बिल ग्राहकाच्या नावाने असले म्हणजे प्लायवूडची हमीही त्याच्याच नावावर राहते, आणि तक्रार आल्यास ती डिझायनरच्या दारात न जाता थेट दुकानात येते.